तोल आणि मोकळीक : पिंगुळीच्या वाटांवरून गाडीच्या स्टॅबिलायझर बारचा इतिहास

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ शहराला दक्षिणेकडून लागून असलेले पिंगुळी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळे, कळसूत्री बाहुल्यांमुळे आणि राऊळ महाराजांच्या मठामुळे. वाहनांच्या इतिहासात त्याचे नाव कोणी घेत नाही, आणि घ्यावे असे तेथे काही घडलेलेही नाही. तरीही चारचाकी गाडी कशामुळे कलते, तिचे कलणे कोणत्या युक्तीने रोखले गेले आणि तीच युक्ती खडतर वाटेवर अडचण का ठरली, हा इतिहास समजून घेण्यासाठी पिंगुळीसारखी जागा सोयीची आहे. कारण मुंबई-गोवा महामार्ग आणि दोन गडग्यांमधून जाणारी चिखलाची पाणंद ही प्रवासाची दोन टोके या परिसरात एकमेकांपासून फार दूर नाहीत, आणि एकाच गाडीला एकाच सकाळी दोन्हींवरून जावे लागते.

ज्या भागाचा हा इतिहास आहे त्याला कारखानदार स्टॅबिलायझर बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकी वापरात त्याला स्वे बार म्हणतात आणि गॅरेजमध्ये तो नुसता ‘स्टॅबिलायझर’ असतो. हा पोलादाचा एक दांडा असतो. तो गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, रबरी बुशांमध्ये आडवा बसवलेला असतो, त्याची दोन्ही टोके काटकोनाच्या सुमारास वाकवून हातासारखी पुढे काढलेली असतात, आणि प्रत्येक हात ‘लिंक’ नावाच्या छोट्या उभ्या जोडणीने आपापल्या बाजूच्या चाकाच्या आधाराशी जोडलेला असतो. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर दांडा बुशांत नुसता फिरतो आणि काहीच विरोध करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले की मात्र त्याला पीळ पडतो, आणि तो पीळ सोडवण्याच्या धडपडीत तो दोन्ही चाकांना एकमेकांच्या पातळीला खेचू पाहतो. गाडीचे वजन तो मुळीच पेलत नाही. त्याचा सगळा विरोध डाव्या-उजव्या चाकांमधल्या फरकाला असतो, आणि पुढचा सारा वाद याच एका गुणातून निघाला.

बैलगाडीला असा दांडा कधी लागला नाही, याचे कारण तिची रचना जुनी किंवा अडाणी होती असे समजणे चुकीचे ठरेल. दोन चाकांची गाडी जमिनीवर दोन चाकांनी आणि पुढे बैलांच्या मानेवरील जुवाने टेकलेली असते. म्हणजे तिला आधार तीनच, आणि तीन पायांची तिवई जशी कितीही खडबडीत जमिनीवर न डुगडुगता बसते तशी ही गाडीही कातळावर, चिखलात किंवा व्हाळाच्या दगडगोट्यांत दोन्ही चाके टेकवूनच चालते. चार पायांच्या चौरंगाचे तसे नाही. चौरंग उंचसखल जमिनीवर ठेवला की त्याचा एक पाय अधांतरी राहतो, आणि चारचाकी वाहनाची कच्च्या वाटेवरची सगळी दुखणी या एका अधांतरी पायातून सुरू होतात.

दुसरे कारण वेगाचे आहे. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेगाच्या साध्या प्रमाणात नव्हे. घाटातले एखादे वळण ४० मीटर त्रिज्येचे धरले तर ताशी ४ किलोमीटर चालणाऱ्या बैलगाडीवर पडणारा हा बाजूचा जोर तिच्या वजनाच्या शेकडा अर्ध्या भागाइतकाही नसतो. ताशी ३६ किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीवर तो वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका होतो आणि ताशी ५४ किलोमीटरला निम्म्याच्याही वर जातो. गवताचा भारा उंच रचलेली गाडी कलंडायची ती बांधावरून चाक घसरल्यामुळे किंवा एका बाजूची धाव, म्हणजे चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, खळग्यात रुतल्यामुळे. तिला कलंडवणारी जमीनच असे. वेगाने गाडी कलंडू शकते ही गोष्ट माणसाच्या अनुभवात फार उशिरा आली.

कोकणातल्या त्या जमिनीविषयी येथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय ही चर्चा कोणत्याही देशाची होऊ शकेल. सिंधुदुर्गाचा बराचसा भाग जांभ्याचा आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील पाहणीवरून या खडकाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. ‘लॅटर’ म्हणजे लॅटिनमध्ये वीट, आणि जमिनीतून ओला असताना कुऱ्हाडीने कापता येणारा हा दगड वाऱ्याउन्हात कठीण होत जातो व चिऱ्याच्या रूपाने घराच्या भिंतीत बसतो, हे लक्षात घेतले तर नाव चपखल वाटते. उंचावरच्या सपाट जांभ्याला सडा म्हणतात, सड्यांच्या उतारांवर काजू-आंब्याच्या बागा असतात आणि त्यांच्या पायथ्याशी भातशेतीचे मळे; या तिन्हींना जोडणाऱ्या पाणंदी पावसाळ्यात निम्म्या वाट आणि निम्म्या ओहोळ असतात. जांभ्याच्या धुळीची माती सुकल्यावर चाकाखाली पिठासारखी उडते आणि भिजल्यावर साबणासारखी होते. आंबोलीला वर्षाकाठी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच्या पायथ्याचे खोरेही फारसे कोरडे राहत नाही. अशा मुलखात वाट नावाची गोष्ट दरवर्षी नव्याने तयार होते.

या वाटांवर चाकांची वाहतूक पूर्वी बेताचीच होती. किनाऱ्यावरची गावे समुद्राने मुंबईशी जोडलेली होती, वेंगुर्ला हे सतराव्या शतकात डच वखारीचे ठिकाण होते, आणि इंग्रजांच्या काळात तेच बंदर घाटावरच्या बेळगावच्या छावणीशी आधी रामघाटाने व मागाहून आंबोलीच्या घाटाने बांधले गेले. बाकीचे अंतर्गत येणेजाणे पायी, डोक्यावर ओझे घेऊन होत असे. पिंगुळीचे ठाकर कलावंतसुद्धा चित्रांच्या पोथ्या, वाद्ये आणि बाहुल्या घेऊन देवळादेवळांतून पायीच फिरत, आणि सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता तरी त्या आश्रयापर्यंतची वाट माणसाच्या खांद्यावरूनच जात होती. १९४८ मध्ये ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, पुढे १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला. बाहेरच्या जगाशी या भागाची पक्की जोडणी किती अलीकडची आहे हे या तारखांवरून कळते.

कलण्याचा प्रश्न मुळात निर्माण केला तो स्प्रिंगने. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ओबाडाया एलियट याने घोडागाडीसाठी पोलादी पाट्यांच्या लंबगोल कमानीचे पेटंट घेतले आणि प्रवाशाच्या हाडांना बसणारे धक्के कमी झाले. पण जी कमान खड्ड्यावर दबते ती वळणावरही दबते, म्हणून गाडी जितकी मऊ तितकी ती बाहेरच्या बाजूला झुकणारी झाली. घोड्याच्या वेगाला हे चालून गेले. मोटार आली तेव्हा कंपन्यांपुढे दोनच मार्ग उरले : कमान कडक करून प्रवाशाला हादरवणे किंवा मऊ ठेवून त्याला घाबरवणे. १९१९ साली कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांताच्या फ्रेडरिक्टन गावचे स्टीफन कोलमन यांना अशा आडव्या दांड्याचे पेटंट मिळाले, ज्याने या कोंडीतून तिसरी वाट काढली. सरळ धक्क्याला कमान मऊच राहावी आणि फक्त कलण्याला तेवढा विरोध व्हावा, ही त्यातली कल्पना होती. ती लगेच घराघरांत पोहोचली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकी मोटारींना पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारी रचना मिळाली, मॉरिस ऑली यांच्यासारख्या अभियंत्यांनी मऊ पुढच्या स्प्रिंगांचा हिशेब मांडला, आणि त्या मऊपणाची किंमत चुकवण्यासाठी बार सर्रास बसू लागला.

म्हणजे स्टॅबिलायझर बार हे चांगल्या रस्त्याचे अपत्य आहे. डांबर जसे गुळगुळीत झाले, तसा वेग वाढला. वेग वाढला तशी आरामाची अपेक्षा वाढली. आणि आरामाने आणलेले झुकणे बारने आवरले. जेथे डांबरच नव्हते तेथे त्याची उणीव कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते, आणि भारतातील खडतर वाटेच्या गाडीचा पहिल्या अर्धशतकाचा इतिहास या न जाणवलेल्या उणिवेचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून मोठ्या संख्येने निघालेल्या विलीज जीपला पुढे व मागे अखंड आस होता, चारही कोपऱ्यांवर पाट्यांच्या कमानी होत्या, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ८० इंच होते आणि अँटी-रोल बार नव्हता. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेल्या आणि १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेल्या मुंबईच्या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास याच कुळातल्या जीपची जुळणी भारतात सुरू केली, आणि पुढे ‘सीजे-३बी’ हा उंच बॉनेटचा नमुना सरकारी खात्यांच्या दारात दशकानुदशके उभा राहिला. या गाडीत बार नव्हता म्हणजे त्याचे काम कोणी करत नव्हते असे नाही; ते काम कमानच करत होती. एकावर एक रचलेले पाटे दबताना परस्परांवर घासतात, त्या घर्षणाने हालचाल मंदावते, आणि कमानीची दोन्ही टोके चासीला बांधलेली असल्यामुळे तिला पिळून टाकणे सोपे नसते. जुन्या जीपमधून पाणंदीतून जाताना पाठीला जे सोसावे लागे तीच वळणावर गाडी न झुकण्याची किंमत होती. एकच पोलाद तीन कामे करत होते आणि तिन्ही मध्यम दर्जाची करत होते. अवघड वाटेवर मात्र कमानींना मर्यादेत का होईना वाकायची मोकळीक होती, बार मध्ये नव्हता, आणि हलक्या, आखूड जीपला तेवढे पुरे होते.

याच काळात उलट्या टोकाचे एक वाहनही महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर होते आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. १९५८ मध्ये जर्मन सहकार्याने मुंबईत गोरेगावला सुरू झालेल्या बजाज टेम्पोची तीनचाकी मालवाहू गाडी इतकी रुळली की ‘टेम्पो’ हे कंपनीचे नाव मराठीत मालगाडीचे सामान्यनाम झाले. तिचे गणित बैलगाडीसारखे तिवईचे होते, म्हणून खड्ड्यात तिचे चाक अधांतरी राहत नसे. पण आधाराचा त्रिकोण पुढे निमुळता होत असल्यामुळे वळणावर जोराने ब्रेक लावला की ती सहज कलंडे. जमिनीशी जुळवून घेणारी रचना वेगाला घाबरते, आणि वेगाला सोसणारी रचना जमिनीला. वाहनाच्या अभियंत्याला या दोहोंत नेहमी देवघेव करावी लागली आहे.

१९८० आणि १९९० च्या दशकांत कोकणातील गावे एसटीच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात ज्या जीप, ट्रॅक्स आणि कमांडर गाड्यांवर चालली, त्यांनी हा प्रश्न नव्या रूपात समोर आणला. घाटमाथ्यावर वडाप म्हणतात त्या प्रकारच्या या प्रवासात आत दाटीने बसलेली माणसे, मागच्या पायरीवर उभी असलेली तरुण मुले आणि टपावर बांधलेल्या पाट्या, पोती व सायकली अशी सगळी भर वरच्या वर पडत गेली, आणि गाडीचा गुरुत्वमध्य, म्हणजे तिचे सारे वजन ज्या बिंदूत एकवटले असे मानता येते तो बिंदू, जमिनीपासून उंच गेला. वळणावरचा जोर त्या बिंदूवर लागतो, त्यामुळे तोच रस्ता आणि तोच वेग असूनही झुकणे वाढते. यावर गावोगावी सापडलेला उपाय बारचा नव्हता, तर कमानीत आणखी एक पाटा घालण्याचा होता. तो स्वस्त होता, लोहाराच्या आवाक्यातला होता आणि भरलेल्या गाडीला लागू पडत होता. रिकामी गाडी मात्र त्याने दगडासारखी उडत असे. आजही आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या पिकअपांत हाच उपाय दिसतो आणि त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही, कारण हंगामात गाडी रिकामी धावते तरी कितीशी!

खरा बदल झाला तो कमान हटू लागली तेव्हा. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या महिंद्र थारमध्ये मागे पाट्याच असल्या तरी पुढे टॉर्शन बारची स्वतंत्र रचना होती. येथे एक गोंधळ टाळायला हवा : टॉर्शन बार हाही पीळ घेणारा दांडाच असतो, पण त्याचे एक टोक चासीत घट्ट रोवलेले असते आणि तो गाडीचे वजन पेलतो, म्हणजे तो सरळ केलेली स्प्रिंगच होय; स्टॅबिलायझर बार मात्र दोन चाकांना एकमेकांशी बांधतो आणि वजनाला हात लावत नाही. २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेल्या नव्या थारमध्ये पुढे डबल विशबोनची स्वतंत्र रचना आणि मागे अखंड आसावर वेटोळ्या, म्हणजे कॉइल स्प्रिंगा आल्या, आणि दोन्हीकडे स्टॅबिलायझर बार आले. कॉइल स्प्रिंगला फक्त दबणे ठाऊक असते. पाट्यांसारखे घर्षण आणि पिळाला होणारा आडवा विरोध तिच्यात नसतो, म्हणून जे काम पूर्वी कमान फुकट करत होती ते करायला वेगळा नोकर ठेवावा लागला. २०२३ मध्ये आलेल्या पाच दारांच्या मारुती जिम्नीत पुढेमागे अखंड आस आणि कॉइल हीच जोडी आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात आलेल्या जीपच्या वंशजांना बार मिळाला तो असा, आराम आणि महामार्ग यांच्यामागून.

त्याच्याबरोबर तक्रारही आली. पाणंदीतला एक क्षण जवळून पाहिला तर ती समजते. डाव्या हाताच्या गडग्याखाली फणसाचे मूळ वर आलेले आहे आणि उजव्या बाजूला पावसाने चर कोरलेली आहे. पुढचे डावे चाक मुळावर चढते, त्याच क्षणी उजव्याने चरीत उतरायला हवे, पण वर चढणारे चाक बारला पिळते आणि बार उजव्या चाकाला वर ओढून धरतो. चाक चरीच्या तळाला टेकत नाही किंवा टेकले तरी त्यावर भार येत नाही. साध्या डिफरन्शियलची, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दंतचक्र-पेटीची, रीत अशी की ज्या चाकाला कमी विरोध ते अधिक फिरते, म्हणून सारी ताकद त्या हलक्या चाकाच्या गरगर फिरण्यात जाते, लाल चिखल मडगार्डभर उडतो आणि गाडी जागची हलत नाही. कळसूत्री बाहुलीचे दोन हात स्वतंत्र सूत्रांनी हलतात म्हणून तिला नमस्कारही करता येतो आणि तलवारही उगारता येते. दोन्ही सूत्रे एका काडीला बांधली तर एक हात वर जाताना दुसरा त्याच्यामागे ओढला जाईल. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री ज्या कलेसाठी मिळाली तिचे सारे मर्म सूत्रे वेगळी ठेवण्यात आहे, आणि खडतर वाटेवरचा चालकही गाडीकडून नेमके तेच मागतो.

ही मागणी मोजण्याची एक पद्धतही अमेरिकेत रुळली. २० अंशांच्या उतरणीच्या फलाटावर गाडीचे एकच पुढचे चाक चढवत नेतात, आणि उरलेल्या तिघांपैकी एखादे चाक जमीन सोडण्याच्या बेतात आले की चढलेले अंतर मोजून त्याला गाडीच्या दोन आसांमधल्या अंतराने भागून १००० ने गुणतात. या आकड्याला रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स म्हणतात. २४५० मिलिमीटर अंतराची गाडी फलाटावर १२२५ मिलिमीटर चढू शकली तर तिचा आकडा ५०० होतो. बार सोडवला की हा आकडा वाढतो, यात वाद नाही. वाद आहे तो महामार्गावर परत आल्यावरचा.

म्हणूनच बार काढून टाकणे हा पहिला, सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय ठरला. दुसरा उपाय सुटणाऱ्या लिंकचा निघाला : डांबर संपले त्या जागी गाडी सपाट जमिनीवर उभी करायची, खाली वाकून दोन पिना काढायच्या, आणि बारची मोकळी झालेली टोके टायरला लागू नयेत म्हणून वर हुकात अडकवायची. सपाट जमीन हवी याचे कारण असे की बारला पीळ असताना पिन निघत नाही, आणि निघालीच तर दांडा हातावर उसळतो. २००५ मध्ये अमेरिकेत डॉज पॉवर वॅगनला आणि २००७ पासून जीप रँग्लर रुबिकॉनला बटणाने सुटणारा पुढचा बार मिळाला. टोयोटाने तेलाच्या नळ्यांनी पुढचा-मागचा बार जोडून गाडीने स्वतःच परिस्थिती ओळखावी अशी ‘केडीएसएस’ रचना केली, जी कल्पना म्हणून देखणी आणि दुरुस्ती म्हणून खर्चिक आहे. तिसरा पंथ पातळ, लांब हातांच्या, भोके बदलून कडकपणा कमीजास्त करता येणाऱ्या बारचा. त्यात बार कधीच सोडवायचा नसतो, फक्त त्याची हुकमत कमी करायची असते.

या निवडीमागचे गणित विलक्षण तीव्र आहे आणि ते ठाऊक नसल्यामुळे चुका होतात. दांड्याचा पिळाला विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो : २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा बार घेतला तर जाडी डोळ्याला जेमतेम जाणवते, पण कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी चढतो, आणि २५ मिलिमीटरचा घेतला तर तो जवळजवळ अडीच पट होतो. हाताच्या लांबीचा परिणाम उलट आणि वर्गाच्या प्रमाणात होतो. २० सेंटिमीटरचा हात २५ चा केला, तर त्याचे स्वतःचे वाकणे सोडून दिले तरी, चाकाशी जाणवणारा विरोध ३६ टक्क्यांनी उतरतो. म्हणून भोकांची ती ओळ, जिच्यात लिंक एक भोक मागे नेता येते, दिसते त्याहून पुष्कळ मोठे काम करते. पुढचा बार मागच्याच्या मानाने कडक असला तर वळणावर गाडीचे नाक बाहेर जाऊ पाहते, जे घाबरलेल्या चालकालाही सावरता येते; मागचा कडक केला तर शेपूट सुटते, आणि ओल्या लाल मातीच्या थराने माखलेल्या डांबरावर सुटलेले शेपूट सावरणे फार थोड्यांना जमते. मागचा बार सोडून पुढचा ठेवावा, असा सल्ला यामुळे एकीकडे दिला जातो, तर जड इंजिनाच्या पुढच्या आसालाच मोकळीक हवी म्हणून पुढचाच सोडावा, असा दुसरीकडे. दोन्हींत तथ्य आहे, पण मागचा ठेवून पुढचा सोडलेली गाडी महामार्गावर नेणे मात्र कोणत्याही मताने शहाणपणाचे नाही.

गाडी उंच करणाऱ्यांकडून होणारी चूक आणखी वेगळी आहे. स्प्रिंगांखाली ठोकळे घालून चासी ५० मिलिमीटर वर नेली आणि लिंक जुन्याच ठेवल्या तर बारचे हात कायमचे खाली ओढलेले राहतात, लिंकचा कोन बिघडतो, आणि एरवी जो दांडा आडव्या पातळीत काम करतो तो टोकाशी जाऊन अडतो. त्या उंचीला साजेशा लांब लिंक बसवल्या तरच बार बार राहतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफारांना आळा घातलेला आहे, हेही उंची वाढवण्याच्या उत्साहात विसरले जाते.

२०१४ पासून मलेशियाच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती पावसाळ्यात गोव्यात भरू लागली, आणि सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडच्या त्याच जांभ्यात व चिखलात या रचनांची कठोर परीक्षा झाली. अशा स्पर्धेच्या गाड्या ट्रेलरवरून येतात, त्यांना महामार्गाची फिकीर नसते आणि विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचा, आधार असतो. त्यामुळे त्यांच्यावरून कुडाळच्या बागायतदाराने धडा घेणे धोक्याचे आहे. शिवाय चाक अधांतरी राहण्यावर दुसरा तोडगाही आता हाताशी आहे. डिफरन्शियल लॉक दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरवतो आणि ब्रेकवर चालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोकळ्या चाकाला धरून ताकद दुसऱ्याकडे वळवते. थारमध्ये कंपनीला दोन्ही बार निश्चिंतपणे देता आले त्याचे एक कारण ही मदत आहे. चाक जमिनीला टेकवायचे की न टेकलेल्या चाकाची ताकद टेकलेल्याला द्यायची, हे दोन वेगळे उपाय आहेत, आणि जुन्या जीपला पहिलाच उपलब्ध होता म्हणून बारचा तिरस्कार एक परंपरा होऊन बसला. आज तो बराचसा ऐकीव आहे.

सड्यांवर गाड्या घालण्याच्या हौसेविषयीही एक गोष्ट नोंदवावी लागते. जांभ्याचे जे पठार चालकाला रिकामे दिसते त्याच्यावर पावसाळ्यात रानफुलांचे ताटवे उमलतात, आणि त्याच प्रकारच्या कातळावर मालवण तालुक्यातील कुडोपीसारख्या ठिकाणी प्राचीन कातळशिल्पे कोरलेली आहेत. टायरच्या नक्षीपेक्षा ती फार जुनी आहेत.

पिंगुळीच्या परिसरात रोजच्या वापराची गाडी बहुधा महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने धावते, मग बाजारपेठेत रेंगाळते आणि शेवटचा थोडा पल्ला पाणंदीत काढते. तिच्यासाठी मूळचा पुढचा बार ठेवून त्याला सुटणाऱ्या लिंक बसवणे आणि मागे मूळचाच किंवा किंचित पातळ बार ठेवणे ही जुळणी सर्वांत कमी पस्तावण्याची म्हणावी लागेल. तिची खरी परीक्षा मात्र गणिताने होत नाही, पावसाने होते : जांभ्याची बारीक माती पाण्याबरोबर रबरी बुशात शिरते, तेथे कानसेसारखी घासते, आणि गणपतीच्या सुमारास पहिल्या गतिरोधकावर खालून ‘टक’ असा आवाज येऊ लागतो. चालक शॉकअप गेला असे समजतो; गॅरेजमधला मुलगा गाडीखाली सरपटतो, लिंक हाताने हलवून पाहतो, जीर्ण बुश काढून तळहातावर ठेवतो, आणि बारवर जेथे बुश बसत होता तेथे लाल माती पुसल्यावर झिजून चकचकीत झालेले दोन पट्टे दिसतात.